पास्कल अंकलच्या खोलीतला कॅनडा

आमच्या परळच्या बिल्डिंगमधले पास्कल अंकल भर मे महिन्यात पॅसेजमध्ये टेबलफॅन लावून झोपतात. घरात एसी आहे. पण त्या खोलीत लाकूड झोपतं.

लाकूड म्हणजे आफ्रिकेचं आबनूस आणि होंडुरासची महोगनी. रिटायर झाल्यापासून अंकल गिटारी बनवतात. म्हणजे एकच बनवताहेत, कॅनडातल्या मुलीसाठी, रिटासाठी. जाताना ती म्हणाली होती, "पप्पा, तुमच्या हातची गिटार हवी." तेव्हापासून कधीही विचारा, उत्तर एकच, "लाकूड हलतंय रे अजून!"

मला ती फळी ढिम्म दिसते. अंकल कॅलिपर लावून तिची रुंदी मोजून दाखवतात. "दमट हवेत फुगतं, कोरड्यात आकसतं. लांबीत नाय, रुंदीत. माणसाचं पण तेच. चाळिशीनंतर उंची वाढते काय?" असं म्हणून माझ्या पोटाकडे बघतात.

रिटाच्या घरी हिवाळ्यात हवा कोरडीठाक. मुंबईच्या दमटात जोडलेली गिटार तिकडे जाऊन तडकणार, ही त्यांची धास्ती. म्हणून एसी लावून खोलीत कॅनडा करून ठेवलेला. भिंतीवर मेरीमातेच्या शेजारी हवेतला ओलावा दाखवणारा काटा. तसाच एक रिटाकडेही धाडलाय. दर रविवारी फोन, "हॅलो, काटा कितीवर?" पलीकडून रिटा, "मी बरी आहे पप्पा, थँक्यू!"

खोलीत शिरायचं तर आधी घाम पुसायचा. वरच्या सावंतकाकूंनी मोदक उकडायला ठेवले, की अंकल दाराच्या फटीत टॉवेल कोंबतात. मोदक मात्र पॅसेजमध्ये उभ्यानं, वर तूप घालून हाणतात.

गेल्या रविवारी गेलो, तर खोलीचं दार सताड उघडं, खिडक्या उघड्या, एसी बंद. आत अंकल घामाघूम. मला वाटलं एसी बिघडला, आता हे मलाच फाडून खाणार.

"रिटा परत येते," ते म्हणाले. "कायमची. तिकडे करमत नाय म्हणाली."

"मग लाकूड?"

"त्याला इथल्या हवेची सवय नको? फुगू दे. परत मोजू. आता मोजायला दोघं असणार." मग भिंतीवरच्या काट्याकडे बघत म्हणाले, "इतकी वर्षं काटा विचारला रे. करमतं काय, ते कधी विचारलंच नाय."

मला भरून आलं. सवयीनं घाम पुसायला रुमाल काढला.

"राहू दे," अंकल म्हणाले. "बस असाच. आणि सावंतबाईला सांग, पुढचे मोदक इथंच उकडायचे."