सगळ्यांना जमेल असं मतदान

इमारतीच्या सेक्रेटरींच्या घरी रविवारी सकाळपासून मतदान चालू होतं. मतदार एकच, त्यांची बायको, आणि प्रश्नही एकच: चहा की कॉफी. बाईंनी फोनवरचं बटण दाबलं की समोर टांगलेल्या चादरीवर एक पट्टा सरसर वाढायचा आणि सेक्रेटरी हरखून जायचे.

"आता खरंच चहा टाकू का?" बाई म्हणाल्या. "कधीपासून नुसती मतं देतेय."

"थांब गं. जिंकणारा पट्टा आपोआप वर जातो आणि गडद होतो, बघ."

"बघितलं. तेवढे पडदे लावा, ऊन येतंय. हिरवे आणा म्हटलं होतं, आणलेत तपकिरी."

"हिरवेच आहेत. जरा गडद, एवढंच." तपकिरी म्हणजे गडद हिरवाच की, असं सेक्रेटरींचं जन्मभराचं मत होतं आणि त्यावर त्यांनी कधी वाद घातला नव्हता.

या सगळ्या खटाटोपाला कारण होतं तळमजल्यावरची मोठी खोली. तिथे बाई गाणं शिकवायच्या. तिसऱ्या मजल्यावरच्या टायरवाल्यांचं म्हणणं, भिंत पाडा आणि तिथे गाड्या लावू द्या. खोली गेली तर गाण्याचा वर्ग कुठे येणार, हे सेक्रेटरींना पक्कं ठाऊक होतं: त्यांच्याच बैठकीत, त्यांच्या आरामखुर्चीच्या उशाशी. बायकोचं गाणं त्यांना जीव की प्राण होतं. पण शिकणाऱ्यांचं गाणं ही निराळी चीज असते.

मत अर्थातच खोलीला द्यायचं. पण हात वर करून मोजणी केली, तर टायरवाले म्हणणार, बायको यांची, मोजणारेही हेच. म्हणून गुप्त मतदान, प्रत्येकाच्या फोनवर, निकाल सगळ्यांसमोर चादरीवर. आणि मला मत देता आलं नाही, असं म्हणायला एकही माणूस उरता कामा नये. सेक्रेटरी घरोघर विचारत निघाले. मुळात चौकशीची खोड होतीच, आता तिला काम मिळालं.

दुसऱ्या मजल्यावरच्या मास्तरांना दिसत नसे. त्यांचा फोन त्यांना सगळं वाचून दाखवायचा, तोही अशा वेगात की सेक्रेटरींना एक अक्षर कळेना.

"काय म्हणतोय हा?"

"तुम्ही लिहिलंय तेच. बटण एक, बटण दोन. कशाचं बटण ते लिहायला विसरलात."

सेक्रेटरींनी जीभ चावली आणि तिथल्या तिथे बटणांना 'गाणं' आणि 'गाड्या' अशी नावं दिली. मग एवढ्या वेगात ऐकायचं कसं, ते शिकायला दुपारभर मास्तरांपाशी बसून राहिले. जमलं नाही, पण वेळ मजेत गेला.

घड्याळं दुरुस्त करणाऱ्या काकांचे हात आता थरथरत. बटणापर्यंत बोट पोचेपर्यंत मतदान संपायचं. सेक्रेटरींनी वेळेची मर्यादाच काढून टाकली.

शिवणकाम करणाऱ्या काकूंना ऐकू कमी यायचं. त्या समोरच्याचे ओठ वाचत.

"माझं बोलणं कळतं ना तुम्हाला?"

"निम्मं," काकू म्हणाल्या. "उरलेलं मिशीत अडकतं."

सेक्रेटरी घरी गेले आणि बावीस वर्षं जोपासलेली मिशी उतरवून आले. काकूंनी मान डोलावली. "आता चादरीवरची अक्षरंही मोठी करा. मागून दिसायची नाहीत."

मोठी केलेली अक्षरं पट्ट्यात मावेनात. सेक्रेटरींनी बराच विचार करून चादरीवरची अक्षरं काढूनच टाकली. हिरवा पट्टा म्हणजे गाणं, तपकिरी म्हणजे गाड्या. एवढं एका पुठ्ठ्यावर ठळक लिहून शेजारी टांगलं की झालं. लहान पोरालाही कळेल.

सभेच्या दिवशी सगळं बिनबोभाट पार पडलं. मास्तरांनी सर्वांच्या आधी मत दिलं. घड्याळकाकांनी सावकाश दिलं आणि कुणीही खोकलं नाही. टायरवाल्यांनासुद्धा कुरकुरायला जागा सापडेना. मग चादरीवर दोन पट्टे उमटले. एक वर गेला आणि गडद झाला.

गडद. म्हणजे तपकिरी. म्हणजे सेक्रेटरी हरले. पण ते खिलाडू माणूस. घसा खाकरून उभे राहिले.

"गाड्या जिंकल्या. मी टायरवाल्यांचं अभिनंदन करतो."

लोक एकमेकांकडे बघू लागले. टायरवाले छताकडे बघू लागले. काकूंनी डोळे चोळले. आपण ओठ चुकीचे वाचले, असं त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच वाटलं.

सेक्रेटरी बायकोकडे वळले. "पण गाणं थांबणार नाही. ज्याला शिकायचंय त्याला माझ्या घराचं दार उघडं आहे. वय बघणार नाही, आवाज बघणार नाही."

बाई काही बोलणार होत्या, पण हे ऐकून त्यांनी तोंड मिटलं.

"एक विचारू का?" मास्तर म्हणाले. "माझा फोन म्हणतोय, गाणं जिंकलं."

"वरचा पट्टा तपकिरी आहे, मास्तर."

"असेल. मला काय दिसतंय?"

"अहो, चांगला हिरवागार आहे," घड्याळकाका म्हणाले. साऱ्या सभेने माना हलवल्या. शेवटी टायरवाल्यांनीही हलवली.

सेक्रेटरी चादरीजवळ गेले. नाक टेकेल इतक्या जवळून बघितलं. लाज वाटायची ती वाटलीच नाही, उलट डोळे चमकले. "हा हिरवा? मग तपकिरी कसा दिसतो तुम्हाला?"

कुणालाच सांगता येईना.

"मी लहानपणापासून विचारतोय," मास्तर म्हणाले. "कळलं तर मलाही सांगा."

म्हणजे खोली वाचली. वर्ग वाचला. आरामखुर्ची वाचली. सेक्रेटरींनी सुटकेचा निःश्वास सोडला, तेवढ्यात काकू उठल्या.

"मला कधीचं गाणं शिकायचंय. पण खाली त्या पोरांत बसायला संकोच वाटतो. तुमच्या घरी येईन."

"काकू, ते मी चुकून..."

"चुकून नाही. मी नीट वाचलंय. मिशी आड नव्हती."

"आणि सगळ्यांना जमलं पाहिजे, हे तुमचंच ना?" बाई गोड आवाजात म्हणाल्या.

आता मंगळवारी संध्याकाळी काकू येतात. "मला माझं ऐकू येत नाही, म्हणून मला काही त्रास नाही," असं पहिल्याच दिवशी सांगून त्यांनी खुला आवाज लावला. बाईंच्या गळ्यावर हात ठेवून त्या सूर शोधतात, आणि तो कसा सापडतो याची सेक्रेटरींना इतकी उत्सुकता, की खुर्ची सोडवत नाही आणि बसवतही नाही. एकदा आवाज फारच चढला, तेव्हा ते शेजाऱ्यांच्या काळजीने उठले आणि खिडकीशी जाऊन दोघींकडे वळले.

"हिरवे पडदे ओढून घेतो जरा."

"तपकिरी," दोघी एका सुरात म्हणाल्या.