तहानलेल्या कुंड्या

मुलुंड पूर्वेच्या त्या बाल्कनीत घोळीच्या भाजीच्या कुंड्या दोन रांगांत मांडल्या होत्या. ग्रिलकडच्या रांगेला निळा दोरा, भिंतीकडच्या रांगेला लाल. निळ्यांना रोज पाणी मिळायचं होतं, लालांना अजिबात नाही. श्रुतिकाची पीएच.डी. एवढ्या फरकावर उभी होती. आणि ती इतकी वर्षं उभी होती, की विद्यापीठाने मुदतवाढ देताना 'शेवटची' या शब्दाखाली रेघ ओढली होती. कॉलेजातल्या प्रयोगशाळेचं छत दुरुस्तीला काढल्यामुळे विज्ञान बाल्कनीत आलं होतं.

"भाजीवर पीएच.डी.?" सुबोधने लग्नानंतर पहिल्यांदाच नीट चौकशी केली. घरून काम करत असल्यामुळे निळ्यांना पाणी घालायचं काम त्याच्याकडे आलं होतं.

"अरे, मक्याच्या आणि उसाच्या पानात कार्बन कोंडून ठेवायची खास सोय असते. निवडुंगाची युक्ती वेगळी. तो पानाची... म्हणजे खोडाची छिद्रं रात्री उघडतो, कार्बनचं आम्ल करून साठवतो आणि दिवसा दारं बंद करून ते वापरतो. पाणी वाचतं. घोळ मुळात मक्याच्या पंथातली, पण पाणी तोडलं की निवडुंगाची युक्तीही सुरू करते. दोन्ही एकाच पानात! म्हणून तहानलेल्या घोळीचं पान सकाळी जास्त आंबट."

"तिला शिकवलं कोणी?"

"कोणी नाही. ती मक्यासारखी सोय फुलझाडांच्या वेगवेगळ्या कुळांत साठाहून जास्त वेळा निर्माण झाली. प्रत्येक ठिकाणी स्वतंत्र. एकमेकांना न विचारता."

"आपल्या सोसायटीतही सगळे न विचारताच करतात," सुबोध म्हणाला, "पण त्यातून दर वेळी गळतीच निर्माण होते."

गळतीचा विषय निघायला आणि बेल वाजायला एकच गाठ पडली. दारात खालच्या मजल्यावरच्या कुंदाताई होत्या. हातात माती ठिबकलेला पांढरा कुर्ता.

"सुबोध, ह्यांचा कुर्ता बघ. तुमच्या ग्रिलमधून चिखल पडतोय ना!"

सुबोध शांतताप्रिय माणूस होता. घोळ ही कुठल्याही ओसाड जागेत उगवणारी भाजी आहे, तिला रोज पाणी कशाला, असा विचार करून त्याने दुसऱ्या दिवसापासून निळ्यांचं पाणी बंद केलं. बायकोला सांगितलं असतं, तर ते भांडण खाली कुंदाताईंच्या दारात झालं असतं; त्यापेक्षा न सांगणं त्याला शास्त्रीय वाटलं.

त्याच सुमारास सुबोधच्या आई, जानकीबाई, लाल कुंड्यांपाशी उभ्या राहून उसासे टाकू लागल्या होत्या. घरात रोज तांदळाचं धुवण निघतं आणि समोर झाडं सुकतात, हे कणकवलीत जन्मलेल्या माणसाला पटण्यासारखं नव्हतं. श्रुतिका कॉलेजला गेली, की धुवणाचं पातेलं लाल रांगेवरून फिरू लागलं. कामाला येणाऱ्या सुगंधाबाईंनाही लाल कुंड्यांची दया आली. लादी पुसायच्या आधी बादलीतलं स्वच्छ पाणी तांब्याभर तिकडे जाऊ लागलं. या दोघींनी एकमेकींना विचारलं नव्हतं.

श्रुतिका मात्र रोज संध्याकाळी लाल रांग बघून हरखायची.

"बघ सुबोध, पाण्याचा थेंब नाही, तरी कशी टवटवीत! उत्क्रांतीची कमाल आहे."

"कमाल आहे," सुबोध म्हणाला.

"पण निळ्या का मलूल दिसतायत? जास्त पाणी होतंय बहुतेक. जरा कमी घाल."

"अजून कमी?"

"हो, थोडं कमी."

सुबोधने मान डोलावली. बायकोची आज्ञा तो आधीपासूनच पाळत होता.

रविवारी सकाळी मार्गदर्शक अनुपमा मॅडम घाटकोपरहून आल्या. निकाल पटला तरच त्या प्रबंधाला पुढे जाऊ देणार होत्या. त्यांनी लाल रांगेतलं पान चिरडून आम्ल मोजायच्या कागदी पट्टीवर दाबलं. मग निळ्या रांगेतलं. दोन्ही पट्ट्या उजेडात धरल्या, आणि खात्रीसाठी एकेक पान तोंडातही टाकलं.

"श्रुतिका, आंबट निळी आहे."

"शक्यच नाही, मॅडम. निळीला तर रोज पाणी आहे."

"तुझ्या तहानलेल्या कुंडीच्या तळाला ओल आहे. आणि ही पाजलेली वाळवंटातून आल्यासारखी दिसते."

श्रुतिका मटकन खुर्चीवर बसली. तिचे डोळे भरले. "गेलं सगळं. माझं गृहीतकच उलटं निघालं."

ते डोळे बघून जानकीबाईंच्यानं राहवलं नाही. "रडा नको गो. माझ्यान बघवला नाय. मोरीत ओतण्यापेक्षा धुवण त्या लालांका घातलंय."

"काय?"

"मी पण ताई," स्वयंपाकघरातून सुगंधाबाई म्हणाल्या. "तांब्याभरच."

सगळे सुबोधकडे बघू लागले. त्याने कुर्त्याची गोष्ट सांगितली. शक्य तितकी थोडक्यात.

"मी थोडं कमी घाल म्हटलं होतं!" श्रुतिका ओरडली.

"शून्य कमीच असतं ना?"

मॅडमनी दोन्ही पट्ट्या पुन्हा शेजारी धरून पाहिल्या. मग त्या हसू लागल्या. "अगं, गृहीतक पक्कं आहे. पाणी कोणाला मिळतंय हे प्रयोग करणारीला ठाऊक नाही, पाणी घालणाऱ्या दोघींना प्रयोग ठाऊक नाही. इतका निःपक्ष प्रयोग मी नोकरीत पाहिला नाही. या घरात खरं फक्त भाजी बोलली."

"मग चालेल, मॅडम?"

"छे! 'सासूबाईंचं धुवण, अंदाजे' असं प्रबंधात कसं लिहिणार? पण मुदत संपायच्या आत एकदा पुन्हा होईल. या घरात मात्र नाही. कुंड्या माझ्याकडे हलव."

दुपारी टेम्पोतून कुंड्या घाटकोपरला पोचल्या. मॅडमच्या प्रशस्त गॅलरीत निळी रांग लागली, लाल रांग लागली. मॅडमचे निवृत्त यजमान अनंतराव चहाचा कप घेऊन बघत होते. त्यांना दिवसभर दुसरं काही काम नव्हतं.

"या लालवाल्यांना पाणी घालायचं नाही?" त्यांनी विचारलं.

"अजिबात नाही," मॅडमनी बजावलं. "कळलं ना?"

"कळलं की," अनंतराव म्हणाले. श्रुतिका चप्पल घालायला वळली, तेव्हा ते लाल कुंडीपाशी वाकले होते.

"बिचारी," ते हळूच म्हणाले.