एकवीस हजार तासांची ताजी हार्ड डिस्क

जयदेवला फसवणारा माणूस अजून जन्माला यायचाय, असं खुद्द जयदेवचंच म्हणणं होतं. जुईनगरात ते कुणी खोडून काढत नसे, कारण खोडायला गेलेला माणूस दीड तास अडकून पडायचा आणि त्याला चहासुद्धा मिळायचा नाही. तीस वर्षं मासळीचा धंदा! बर्फावरचा पापलेट लांबून बघूनच तो सांगायचा, हा कालचा, हा परवाचा, आणि हा तर बाबा स्वतःचं तेरावं उरकून बाजारात आलेला दिसतो!

म्हणून लेकीने, योगिनीने, कॉम्प्युटरसाठी ऑनलाइन हार्ड डिस्क मागवली, तेव्हा खोकं फोडायचा मान जयदेवने स्वतःकडे घेतला.

"बाबा, हार्ड डिस्क आहे ती. सुरमई नाही."

"हार्ड डिस्क काय नि सुरमई काय! शिळा माल खपवायची रीत सगळीकडं एकच. आन इकडं."

त्याने डिस्क उलटी केली, सुलटी केली, अंगठ्याने दाबून पाहिली. खड्डा पडला नाही. मग नाकाशी नेऊन डोळे मिटले.

"ताजी! आत्ताच होडीतनं उतरलेली! जोड बिनधास्त!"

योगिनीला मात्र स्क्रूंच्या डोक्यांवर स्क्रूड्रायव्हरच्या खुणा दिसल्या आणि वायर लावायच्या जागी ओरखडे. डिस्क जोडून तिने कॉम्प्युटरवर एक तपासणी चालवली, आणि तिचा चेहरा टाकलेल्या बोंबलासारखा पांढरा पडला.

"बाबा! ही एकवीस हजार चारशे तास चालून आलीय!"

"म्हंजे दिवस किती?"

"दिवस काय विचारता! सलग लावली तर जवळजवळ अडीच वर्षं!"

जयदेव मटकन खाली बसला. अडीच वर्षांचा मासा त्याने वास घेऊन ताजा म्हणून पास केला होता! स्वयंपाकघरातून त्याची बायको कमळी म्हणाली, "अवो, बाजारात सांगू नका कोनाला. उद्यापास्नं गिऱ्हाईक तुमचाच वास घेईल."

ते वर्मी लागलं! जयदेवने तडक खांदेश्वरला मेहुण्याला फोन लावला. पोपटशेठ म्हणजे कमळीचा धाकटा भाऊ, समाजाच्या सुधारणा मंडळाचा अध्यक्ष आणि तक्रार अर्जांचा बादशहा. रस्त्यात खड्डा पडण्याआधीच त्याचा अर्ज पोचलेला असे! अर्ध्या तासात तो फाईल काखेत मारून हजर.

"भावोजी, पुरावा लागंल. तास दाखवून भागत नाय, तो आकडा चुकीचा हाय म्हनतील."

"पुसलेल्या फाइली परत काढता येतात, मामा," योगिनी म्हणाली. "आधीच्या मालकाचं काहीतरी सापडेलच."

"काढ!" जयदेव गरजला. "एकून एक काढ! त्या चोराच्या पोटात काय काय हाय, सगळ्या दुनियेला दिसू दे!"

तासाभराने पहिला व्हिडिओ वर आला. मांडव, फुलांच्या माळा, पिवळीधमक तोंडं. डिस्क कुणा लग्नाच्या शूटिंगवाल्याची होती तर!

"हळद हाय गो!" कमळी ओले हात पदराला पुसत समोरच येऊन बसली. मांडवावरची पाटी वाचून ती उडालीच. "अगो बाय! ही तर तुमच्या दोस्ताची, ऐरोलीच्या शिवाकडची! त्याच्या दिपेशची हळद! मागच्या मे महिन्यातली!"

सगळ्यांना मौज वाटली. जयदेवच्या तोंडचं पाणी मात्र पळालं.

कारण मागच्या मे महिन्यात, नेमक्या त्याच दिवशी, पोपटशेठच्या मुलीची, सुनयनाची हळद होती. आणि पोपटशेठने जाहीर केलं होतं, आमची हळद आदर्श हळद! मटण नाही, बाटली नाही, बँड नाही. वरणभात, वांग्याची भाजी आणि स्वतः अध्यक्षांचं पन्नास मिनिटांचं भाषण! पत्रिका वाचताच जयदेवची कंबर धरली होती. कमळी बिचारी एकटीच खांदेश्वरला गेली, आणि तिची रिक्षा वळताच जयदेव ऐरोलीला.

इथवर ठीक होतं. पण पोपटशेठने कंबरेसाठी तेल पाठवलं. कमळीने ते एकवीस दिवस चोळलं. एकवीरा आईला नवस बोलली आणि भर उन्हात अनवाणी गड चढून तो फेडून आली! तेव्हापासून वर्षभर घरातली पाण्याची कळशीसुद्धा जयदेवने उचलली नव्हती. आता सांगायचं तरी कसं?

दुसऱ्या व्हिडिओत बँड सुरू झाला. कॅमेरा हळूहळू नाचणाऱ्यांकडे वळायला लागला. ढोलाच्या प्रत्येक ठोक्याला जयदेवचं काळीज गुडघ्यापर्यंत जाऊन परत येत होतं.

"थांबव!" तो स्क्रीनसमोर आडवा झाला.

"काय झालं, बाबा?"

"दुसऱ्याच्या घरचा कार्यक्रम हाय! त्यांच्या आयाबाया नाचतान, आनि आपन इथं चिवडा खात बगतो? लाज वाटाय पायजे आपल्याला!"

कमळी नवऱ्याकडे असं बघायला लागली, जणू माठातून गंगा निघाली. पोपटशेठचे डोळे भरून आले.

"भावोजी, मंडळावर घ्यायला पायजे तुमाला. योगिनी, बगू नको. पन पुरावा पुरता पायजे. किती हायेत? त्रेचाळीस? त्रेचाळीसच्या त्रेचाळीस पाठव कंपनीला!"

जयदेवने मनाशी हिशेब केला. कंपनी कुठल्या तरी लांबच्या शहरात. तिथे आपल्याला कोण ओळखतो? "पाठव!" तो म्हणाला, आणि बऱ्याच वेळाने त्याने श्वास सोडला.

"बाबा, अर्जासोबत तुमचा फोटो पण मागतायत. डिस्क हातात धरून, चेहरा स्पष्ट."

कमळीने कौतुकाने कपाटातून शर्ट काढून आणला. गुलाबी, वर मोठाली फुलं. नेमका ऐरोलीच्या हळदीला घातलेला तोच! नको म्हणावं तर कारण काय सांगणार? जयदेवने डिस्क छातीशी धरली आणि दाढदुखीत हसावं तसा तो हसला.

चौथ्या दिवशी उत्तर आलं. पोपटशेठ मुद्दाम आला होता. योगिनी मोठ्याने वाचायला लागली.

"आदरणीय ग्राहक, आपण पाठवलेले सर्व त्रेचाळीस व्हिडिओ आमच्या तपासणी विभागाने बारकाईने पाहिले. क्रमांक सतरामध्ये दातात खुर्ची धरून सलग अकरा मिनिटे नाचणारे गृहस्थ, आणि सोबतच्या फोटोतील आपण, एकच आहात. शर्टही तोच आहे. यावरून सदर डिस्क आपल्याच घरच्या वापरातली असल्याचे सिद्ध होते. आपली तक्रार फेटाळण्यात येत आहे. ता. क. नाच आमच्या संपूर्ण विभागाला आवडला."

घरातला पंखासुद्धा हळू फिरायला लागला!

कमळी उठली. तिने आयुष्यात कधी माउस धरला नव्हता. तो धरला आणि सतरा नंबर स्वतः उघडला. अकरा मिनिटं कुणी हललं नाही. सातव्या मिनिटाला जयदेव मागे वाकला तो पार डोकं जमिनीला टेकेपर्यंत, आणि खुर्ची तोंडातच! नवव्या मिनिटाला त्या खुर्चीवर एक पोर बसवलं होतं.

"भावोजी," पोपटशेठ फाईल मिटत म्हणाला, "माझा तेल..."

"अवो," कमळी फार शांतपणे म्हणाली, "माझ्या हातची भाकर तुमाला चावत नाय ना? चहात बुडवून खाता ना रोज?"

जयदेवने पायाच्या अंगठ्याने लादी उकरायचा प्रयत्न केला.

पण पोपटशेठ हाडाचा अर्जदार! अपमान गिळून त्याने दुसऱ्याच दिवशी फेरअर्ज ठोकला, की सदर गृहस्थ तिथे निव्वळ पाहुणे होते, तेही घरी थाप मारून गेलेले. कंपनी नरमली. कळवलं, की ग्राहकाच्या पत्नीने, पतीने थाप मारली असे सहीनिशी लिहून द्यावे, म्हणजे डिस्क बदलून देऊ. मुदत पंधरा दिवस.

मुदत संपून आता महिना झाला. कमळीने लिहायला त्याच दिवशी घेतलं होतं, खोटं नाही. पण ती म्हणाली, अर्धवट लिहिणं बरं नाही, कंपनीला सगळंच कळू दे. तिने लग्नाच्या दिवसापासून सुरुवात केलीय. दुसरी वही संपत आलीय, आणि आत्ता कुठे ती दोन हजार चार सालापर्यंत पोचलीय!