भैरूअण्णांची घरपारख

भैरूअण्णा कुठल्याही घराच्या मागे सरळ उभे राहत नसत. जरा तिरके, डाव्या अंगाला, भिंतीपासून दोन हात लांब. मी पहिल्यांदा त्यांच्याबरोबर घर बघायला गेलो तेव्हा मला वाटलं, मागच्या भिंतीला गांधीलमाश्यांचं पोळं असेल.

"तसं काय न्हाय वकील," ते म्हणाले. "सवय हाय. मागं हुबं ऱ्हायलं की लाथ बसती."

घराने कुणाला लाथ मारल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. पण अण्णांची उभी हयात महाराजांच्या पागेत गेली होती. विकायला आलेला घोडा पारखायचा, त्याचे भोवरे बघायचे, दात बघायचे आणि विकणाऱ्याने लपवलेली खोड हुडकून काढायची, हे त्यांचं काम. आता नोकरी संपली होती आणि घर घ्यायचं होतं. घर कसं पारखतात ते ठाऊक नसल्यामुळे ते त्याला घोड्यासारखंच पारखत.

मी वकील नव्हतो, हेही आधीच सांगून टाकतो. एका वकिलांकडे कारकून होतो आणि खरेदीखतं लिहायचो. अण्णांना हा फरक शंभरदा सांगितला असेल. "बरं बरं, वकील," असं म्हणून ते पुढे चालू लागत.

त्यांना घर पाहिजे होतं ते आमच्याच मंगळवार पेठेत. पेठ तेव्हा हिरवीगार होती. दर दोन घरांआड चिंच नाहीतर आंबा, परड्यात शेवगा आणि केळी, आडावर बायकांची गर्दी, रस्ताभर पोरं. कुणाचंही पोर कुणाच्याही घरी जेवून झोपायचं आणि त्याची आई दारोदार हाका मारत फिरायची. अशी लेकुरवाळी पेठ. अण्णांना नेमकं तेच हवं होतं, कारण त्यांच्याजवळ त्यांची सात वर्षांची नात होती, तानी. तिचे आईबाप प्लेगात गेले तेव्हा ती काही दिवसांची होती. आजी तर त्याच्याही आधी गेलेली. पोर अण्णांनी पागेशेजारच्या एका खोलीत, घोड्यांची निगा राखणाऱ्या मोतद्दारांच्या बायकांकडून दूध मागून वाढवली होती.

नोकरी सुटली तशी ती खोलीही सुटणार होती. तानीचा मामा पन्हाळ्याच्या पायथ्याला शेती करायचा. तो येऊन बजावून गेला होता, "अण्णा, पोरगी हाय, शिंगरू न्हाय. दिवाळीपातूर सोताचं घर बगा, शेजाराला बायकामाणसं असल्यालं. न्हायतर मी तिला घिऊन जातो." मामा वाईट नव्हता आणि त्याचं म्हणणंही चूक नव्हतं. म्हणून तर अण्णा घाबरले होते. पोर गेली असती तर त्या माणसाजवळ एक फेटा आणि एक चाबूक एवढंच उरलं असतं.

इतकी घाई असूनही त्यांची पारख मात्र निवांत चाले. दारातून सरळ आत जायचं नाही. आधी मालकाला न कळवता लांबून बघायचं, एकदा सकाळी आणि एकदा भर दुपारी. "सकाळच्याला समदी घोडी देखणी दिसत्यात," ते म्हणत. "ऊन चढल्यावर बगावं." मग घराला एक वेढा. मग भिंतीवर थाप मारून तिला कान लावायचा. मग उंबऱ्यावरून बोट फिरवून तो किती झिजलाय ते बघायचं, ह्याला ते दात बघणं म्हणत. कोरीव चौकट, नक्षीचे खांब, रंगवलेली तुळई असलं काही दिसलं की दुसरा माणूस खूश होईल. अण्णांचा चेहरा उतरायचा.

"झूल लई भारी हाय," ते माझ्या कानाशी म्हणत. "आत पाठ सोलवटल्याली असणार."

एका घरी तर नव्या गिलाव्याचा त्यांनी नखाने पोपडाच काढला. मालकाने आम्हा तिघांना हाताला धरून बाहेर काढलं. अण्णा रस्त्यावर येऊन फेटा नीट करत म्हणाले, "घर चांगलं हाय. मालक चावतोय."

आम्हा तिघांना म्हणजे तानीसुद्धा. ती सोप्यावरून चारदा उडी मारायची, परड्यातल्या झाडावर चढायची, आडात डोकावून ओरडायची. अण्णा तिच्याकडे बारीक नजरेने बघत राहायचे. पोर घराला बुजते का, हे त्यांना बघायचं असे. पोर कशालाच बुजत नव्हती.

आणि शेवटी तो प्रश्न. मालकाने पानाचं तबक पुढे केलं की अण्णा ते हाताने थोपवून विचारत, "त्या साली हितं उंदीर पडला हुता का?"

प्लेगाच्या साली घरात उंदीर मरून पडला म्हणजे काय, हे पेठेत पाळण्यातल्या पोरालाही कळत होतं. उंदीर पडला की चावडीवर सांगायचं, घर सोडायचं आणि गावाबाहेर माळावर झोपडी बांधून राहायचं. मागे सरकारी माणसं येऊन कौलं उतरवायची आणि घराला ऊन द्यायची. असल्या घराला पुढे गिऱ्हाईक फिरकत नसे. त्यामुळे घर विकणारा प्रत्येक जण एकच उत्तर द्यायचा. शेजारी पडला, समोर पडला, मागच्या बोळात तर ढिगाने पडले, आमच्यात मात्र नाही.

"बरं," अण्णा म्हणत. तानीला हाक मारत आणि चालू लागत.

पहिलं घर माझ्या काकांचंच होतं आणि मीच दाखवायला नेलं होतं. काका नाही म्हणाले, मीही मान हलवली. खरं तर तीन उंदीर पडले होते. अण्णा माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिले, एवढं मला आठवतं.

अशी सात घरं झाली आणि पेठेत कुजबुज सुरू झाली. भिंतीला कान लावतो म्हणजे गुप्तधन हुडकतोय, असं काहींचं म्हणणं. दुसऱ्या काहींना आतली बातमी होती, की दरबारला रस्ता रुंद करायचाय आणि कुठली घरं पाडायची ते हा म्हातारा ठरवणार. अण्णा बोळात शिरले की पुढची दारं लागायची आणि फटीत डोळे दिसायचे. एकाने तर मला रस्त्यात गाठून विचारलं, "पावणं, आमचं घर यादीत हाय का?"

मी हसलो खरा, पण संशय मलाही होताच. कारकुनाला संशय पगाराबरोबरच मिळतो. मला वाटू लागलं, ह्या माणसाला घर घ्यायचंच नाही. दुसऱ्यांची घरं बघत हिंडायचा नाद लागलाय. त्याहून वाईट म्हणजे, एक दिवस असंही मनात आलं, की पोर मामाच्या गळ्यात घालायची असेल आणि तोंडाने म्हणवत नसेल, म्हणून हे दिवस ढकलणं चाललंय. आज ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

दसरा चार दिवसांवर आला असताना आम्ही आठवं घर बघायला गेलो. आमच्याच बोळाच्या टोकाला, दोन सोप्यांचं, सागवानी चौकटीवर मोर कोरलेले, मागे परड्यात मोठा फणस. मालकीण अमीनाबी मणेर. पेठेतल्या लेकीसुनांना बांगड्या भरण्यात तिचा जन्म गेला होता. नवरा वारला, डोळे अधू झाले, म्हणून ती आता नेसरीला लेकीकडे राहायला जाणार होती.

अण्णांनी घराला वेढा घातला, मागे तिरके उभे राहिले, थाप मारली, कान लावला, उंबऱ्याचे दात बघितले. अमीनाबी खांबाला टेकून हे सगळं बघत होती.

"काय वो भाऊ," ती म्हणाली, "घर ऱ्हायला पायजे का टांग्याला जुंपायला?"

अण्णा हसले नाहीत. त्यांनी त्यांचा प्रश्न विचारला.

"पडला की," अमीनाबी म्हणाली. "चुलीमागं. दोन पडले."

मी घसा खाकरला. जुळत आलेला सौदा मोडताना बघणं कारकुनाच्या जिवावर येतं. "चाची, आता जुन्या गोष्टी कशाला उकरायच्या?" मी म्हणालो.

"जुन्या तर जुन्या. इच्यारलं त्यांनी." तिने मला तिथेच गप्प केलं आणि अण्णांकडे वळली. "त्याच दिशी चावडीवर सांगितलं, माळावर गेलो. थोरला माझा गेलाच, झोपडीत. धाकटी वाचली. घर सालभर उघडं हुतं, कौलं काढल्यालं, भितींनी पाऊस खाल्लाय. तुमाला नको असंल तर नको म्हणा. तुमच्यासंगं ल्हान पोर हाय. मी खोटं बोलून घर द्याची न्हाय."

अण्णा खाली बसले. सात घरांत ते कुठे टेकले नव्हते. मला वाटलं, त्यांना घेरी आली.

"वकील," ते म्हणाले, "कागद करा."

आता माझी खात्रीच पटली, की फणसाखाली काहीतरी पुरलेलं आहे. स्वच्छ म्हणवणारी सात घरं सोडून हा माणूस प्लेगाचं घर का घेईल? बोळातून परतताना मी त्यांना तसं विचारलंही. धनाचं नाही, घराचं.

"त्या साली कुणाच्या घरात पडला न्हवता?" अण्णा म्हणाले. "समद्यांच्या पडला. मला काय उंदीर हुडकायचा न्हवता. सांगणारं माणूस पायजे हुतं. जे खोड सांगून इकतंय, त्याच्याकडनं घ्यावं."

दुसऱ्या दिवशी सकाळी अमीनाबीच्या सोप्यावर कागद लिहायला बसलो. पेठेतले दोघे साक्षीला आले होते आणि दोघांचंही लक्ष फणसाकडे होतं. मामाला निरोप गेला होता, घर झालं, दिवाळीला फराळाला ये. मी मोडीत सरसर लिहीत सुटलो. देणार, घेणार, पूर्वेस रस्ता, पश्चिमेस परडं.

"उंदराचं लिव्हलं का?" अण्णांनी विचारलं.

घोड्याच्या खरेदीच्या चिठ्ठीत त्याची खोड लिहायची पद्धत असते, चावतो, बुजतो, पाण्यात बसतो वगैरे. घराच्या खरेदीखतात असलं कलम नसतं, हे मी त्यांना समजावू लागलो.

"लिव्हा की," अमीनाबी म्हणाली. "खरं हाय त्ये."

लिहिलं. देणारीच्या घरात त्या साली दोन उंदीर पडले होते, ते तिने सांगितले.

"आता म्होरं लिव्हा," अण्णा म्हणाले. "घेणाराच्या घरातबी पडला हुता. त्यानं सांगितलं न्हाय."

माझा टाक थांबला. परड्यातून तानीचं फणसाशी काहीतरी बोलणं ऐकू येत होतं. अण्णांनी एकदा तिकडे बघून घेतलं आणि आवाज खाली आणला.

"तवा पागंत ऱ्हात न्हवतो, गावात खोली हुती. कणगीखाली पडल्याला, मीच बघितला. सून बाळंतीण, पाच दिस झाल्यालं. थंडी ही अशी. सांगितलं असतं तर त्याच सांजंला वल्या बाळंतिणीला माळावर न्यावं लागलं असतं. म्हनलं, पोर गारठ्यानं मरंल. पोत्यात गुंडाळला आन् वढ्यात टाकला. आठ दिसांत ल्योक गेला. त्याच्या मागनं सून."

साक्षीदारांनी माना खाली घातल्या. अमीनाबी आत गेली, पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि अण्णांपुढे ठेवला.

"मी सांगितलं, माझा गेला," ती म्हणाली. "तुमी न्हाय सांगितलं, तुमचा गेला. पाणी प्या भाऊ."

अण्णा ते पाणी प्याले. मुसलमानाच्या घरचं पाणी पिणं म्हणजे त्या काळी पेठेत आठवडाभराचा विषय. पण त्या दोघा साक्षीदारांनी ती गोष्ट कुठे बोलून दाखवल्याचं मी आजवर ऐकलेलं नाही.

"अण्णा," मी म्हणालो, "आमच्या काकांच्या घरात तीन पडले होते."

"ठावं हाय," ते म्हणाले. "मान हलीवलासा तवा तुमचं कान मागं गेलतं."

"पण हे तुमचं कागदावर कशाला? कुणाला कळायचंय आता?"

"तानीला." त्यांनी मिशीवरचं पाणी पुसलं. "सात वरसं झाली, आज सांगीन, उद्या सांगीन. तोंड उघडत न्हाय. तुझा बाप माझ्यापायी गेला, आसं पोराला म्हणायचं तरी कसं? आता हितं साळा जवळ हाय. शिकंल, वाचाय लागंल. घर तिचंच हाय, कवातरी कागद उघडून बगंल. तिला ठावं नसताना तिनं मला आज्जा म्हणत ऱ्हावं, ह्ये बरं न्हाय वकील."

एवढी घरं ह्या माणसाबरोबर हिंडलो आणि त्याच्यावर नाही नाही ते संशय घेतले, ह्याची मला लाज वाटली.

लिहायला घेतलं आणि पुन्हा थांबलो. आमचे कागद सगळे मोडीतले, एकात एक गुंतलेल्या अक्षरांचे. मोठमोठ्या माणसांना ते लावताना घाम फुटतो. शाळेत पोरांना आधी शिकवतात ते सुट्या अक्षरांचं बाळबोध. वकीलसाहेब उद्या खवळणार, हे दिसत होतं. मी टाक शाईत बुडवला आणि अण्णांनी सांगितलेली ती ओळ बाळबोध अक्षरात लिहिली, चांगली ठसठशीत, दर दोन शब्दांमध्ये बोटभर जागा सोडून.