सर्जेरावतात्यांचं दीड गुंठा लॉन

माणूस सुधारला हे कशावरून ओळखावं याबद्दल जाणकारांत मतभेद असले, तरी एका कसोटीबद्दल सर्वांचं एकमत आहे. ज्याच्या दारात अशी जमीन आहे की जिच्यात काही पिकत नाही, जिच्यावर कुणी चालत नाही, जिच्यात जनावर चरत नाही आणि तरीही जिला दोन वेळा पाणी द्यावं लागतं, तो माणूस सुधारला. अशा जमिनीला लॉन म्हणतात. बारामतीहून इंदापूरकडे निघालं की रस्त्याच्या दोन्ही अंगांना नवे बंगले लागतात, आणि शंभरातल्या एकोणसत्तर बंगल्यांपुढे ही सुधारणा झालेली आहे. (उरलेल्या एकतीस बंगल्यांपुढे अजून मेथी आहे. त्या घरांतली लग्नं जमायला वेळ लागतो, असं निरीक्षण आहे.)

शेळगावचे सर्जेरावतात्या सुधारलेले नव्हते. त्यांचा सात एकर ऊस होता, उसाला लागूनच दोन वर्षांपूर्वी बांधलेला बंगला होता, कारखान्याचं सभासदत्व होतं. पण या सगळ्याहून मोठी अशी त्यांची एक इस्टेट होती. त्यांच्या सात एकरांत हरळीची एक काडी नव्हती.

हे वाक्य शहरातल्या वाचकाला किरकोळ वाटेल, म्हणून खुलासा. हरळी हे असं गवत आहे, की ते वरून कापलं तर खालून येतं, खालून काढलं तर बाजूने येतं, आणि मुळाचा बोटभर तुकडा राहिला तर तो पहिल्या पाण्याला वारसाहक्काने सगळं रान मागतो. तिच्या जमिनीतल्या पांढऱ्या, गाठीगाठीच्या मुळांना काशा म्हणतात. तात्यांनी बेचाळीस उन्हाळे नांगरटीमागे वाकून काशा वेचल्या, बांधावर वाळवल्या आणि जाळल्या. गावात रान वाट्याने देता-घेताना कुणी विचारलं, "हरळी हाय का?" तर समोरचा म्हणे, "सर्जेरावांच्या रानागत न्हाय, पर साफ हाय." तात्यांना आयुष्यात एवढीच पदवी मिळाली होती आणि ती त्यांना पुरत होती.

यंदा त्यांच्या लेकीचं, श्रेयाचं, लग्न जमलं. मुलगी शेतकी पदवीधर, मुलगा सांगवीच्या आप्पासाहेबांचा नातू ऋषिराज, दोघांनी एकमेकांना आधीच पसंत करून ठेवलेलं, त्यामुळे मोठ्यांना फक्त जमवल्याचं श्रेय घ्यायचं होतं. तात्यांकडची मंडळी सांगवीला घर बघायला गेली तेव्हा त्यांना ओसरीत बसवून समोरचं लॉन दाखवण्यात आलं. नंतर चहा आला, पण तोवर तात्यांचे चिरंजीव सौरभ यांचं लक्ष चहातून उडालं होतं. सौरभ बारामतीच्या एका कंपनीत सुपरवायझर आहे, म्हणजे दुसऱ्याचं काम कुठे कमी पडतं हे त्याला पटकन दिसतं. परतताना गाडीत तो म्हणाला, "तात्या, महिन्यावर साखरपुडा आलाय. आपल्या दारात काय आहे?"

"तण," तात्या म्हणाले.

हे खरं होतं. बंगल्यापुढच्या दीड गुंठ्यात गाजरगवत होतं, घोळ होती, तांदुळजा होता. आणि बांधकामाच्या भरावाबरोबर बाहेरून आलेली थोडी हरळीही होती. ती भिंतीपलीकडच्या उसाकडे सरकू नये म्हणून तात्या रोज सकाळी दात घासत तिच्यावर पहारा करीत. म्हणूनच त्यांनी लॉनला संमती दिली. अट एकच घातली, की आधी हरळी मुळासकट निघाली पाहिजे.

कामासाठी बारामतीचे लँडस्केप सल्लागार अविराज यांना पाचारण करण्यात आलं. (पूर्वी यांना माळी म्हणत. तेव्हा ते कामही करत.) अविराज यांनी जागेची पाहणी करून कार्यक्रम जाहीर केला. प्रथम तणनाशक फवारून पंधरा दिवस तण पिवळं पडण्याची वाट पाहणे. नंतर वीतभर खोल खणून दगड, खडे व मुळ्या काढणे. त्यावर लाल माती व चाळलेलं शेणखत पसरणे, फळी मारणे, रोलर फिरवणे, पाणी देऊन बसू देणे, बसलेलं पुन्हा उकरून सारखं करणे. सरतेशेवटी तयार गवताचे गालिचे आणून अंथरणे. एवढ्या मेहनतीत दीड गुंठ्यात कांदा निघाला असता, हे तात्यांच्या ओठांवर आलं होतं, पण सुधारणेच्या कामी असे हिशोब करायचे नसतात.

फवारणीच्या दिवशी तात्यांच्या पत्नी बनाबाई पाटी घेऊन पंपवाल्याला आडव्या गेल्या. "अवं, तांदुळजा तरी खुडू द्या की आधी. बुधवारची भाजी हाय ती." त्यांना पाच मिनिटांची मुदत देण्यात आली. तेव्हापासून त्या घरात तांदुळजा बाजारातून विकत येतो, हाही प्रगतीचाच एक भाग आहे.

मुळ्या काढायला अविराजची माणसं आली, तर तात्यांनी त्यांना सावलीला बसवलं. ते स्वतः टोपी काढून, गुडघ्याखाली पोतं घेऊन उतरले. आठ दिवस ते त्या दीड गुंठ्यात रांगत होते. कुदळीने ढेकूळ उलटं करायचं, हातात फोडायचं, काशी ओढायची, तुटली तर तुटलेल्या टोकामागे बोट घालून जायचं. अकरा पाट्या काशा निघाल्या. नवव्या दिवशी त्या जाळल्या तेव्हा तात्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं, ते लेकीचं लग्न जमल्यावरही बनाबाईंना दिसलं नव्हतं, आणि त्यांनी तसं बोलूनही दाखवलं.

साखरपुड्याच्या तीन दिवस आधी टेम्पो आला. गवताचे गालिचे चटईसारखे गुंडाळून रचलेले होते. तात्यांनी एक गुंडाळी उलगडली, उलटी केली, एक मूळ नखाने सोडवून उजेडात धरलं. पांढरं, गाठीगाठीचं. त्यांनी दुसरी गुंडाळी सोडली, मग तिसरी.

"ही हरळी हाय," ते म्हणाले.

"तात्या, हे बर्म्युडा आहे," अविराज म्हणाले.

"हरळी हाय."

"हरळी आपोआप येते, तात्या. हिला गाडीभाडं लागतं."

बनाबाईंनी जवळ येऊन एक तुरा खुडला. "गणपतीला वाहतो ती हीच की वो," त्या म्हणाल्या आणि सवयीने तुरा कपाळाला लावला. वस्तुस्थिती अशी आहे, की या गवताचे तीन दर्जे आहेत. देवापुढे ते दूर्वा असतं, बंगल्यापुढे बर्म्युडा असतं, आणि शेतकऱ्याच्या रानात उतरल्यावर त्याची हरळी होते. बढती-बदलीचे असेच नियम अन्य खात्यांतही आहेत.

तात्यांनी लेकीकडे पाहिलं. ती शेतकी शिकलेली होती, तिला विचारायची गरज नव्हती, पण तिने आपणहून सांगितलं. "आमच्या पुस्तकात तणांच्या यादीत पहिलं नाव हिचंच आहे, तात्या." मग हळूच म्हणाली, "पण तीन दिवस राहिलेत. त्यांच्या दारातही हेच आहे. आता काही बोलू नका ना."

 तात्यांना फार वाईट वाटलं होतं. तरीही कडेपासून सुरुवात करून त्यांनी स्वतःच्या हाताने गालिचे अंथरले, विटांच्या थरासारखे सांधे चुकवून, फट राहील तिथे माती दाबून, कारण वाईट काम कसं करतात हे त्यांना ठाऊक नव्हतं. बेचाळीस वर्षं जी उपटली ती त्यांनी एका दुपारी लावली, आणि संध्याकाळी तिला पाणी दिलं.

नवीन लॉनला मूळ धरेपर्यंत तीन आठवडे त्यावर पाऊल पडता कामा नये, असा नियम आहे. म्हणून साखरपुड्यासाठी केलेल्या लॉनवर साखरपुडा करता आला नाही. तो मागे गोठ्यापुढे झाला. दोनशे पाहुणे कुंपणाच्या कडेकडेने एका रांगेत गोठ्याकडे गेले, आणि जाता जाता प्रत्येकाने लॉनकडे पाहून मान डोलावली. व्यवस्थेबद्दल सर्वांनी समाधान व्यक्त केलं.

आप्पासाहेब मात्र रांगेतून बाजूला झाले. पंच्याहत्तरीचे गृहस्थ, जन्म सांगवीच्या उसात गेलेला. काठी टेकून ते वाकले, एक वेल बोटाने उचलला आणि गाठ चाचपून पाहिली. मागे रांग थांबली. 

"सर्जेराव," आप्पासाहेब म्हणाले, "ह्ये कंचं म्हनायचं?"

गोठ्यापुढे श्रेया हिरव्या साडीत बसली होती. तात्यांनी तिकडे एकदा पाहिलं.

"बर्म्युडा," ते म्हणाले.

आप्पासाहेबांनी वेल हातात तसाच धरला. "व्हय, व्हय. आमच्याबी दारात त्योच हाय." मग कानाशी येऊन त्यांनी विचारलं, "तुमच्या रानात आला का?"

"न्हाय."

"यील," आप्पासाहेब म्हणाले आणि पेढा घ्यायला पुढे गेले.

भाद्रपदात आडसाली उसाची खुरपणी निघाली. बंगल्याकडच्या पहिल्याच सरीत, भिंतीच्या खालून, दोन हात लांब हिरवा वेल आलेला होता. द्वारकाबाईने खुरपं थांबवलं. ती या रानात वीस वर्षं खुरपत होती आणि तिने हे गवत इथे कधी पाहिलं नव्हतं. तिने लांबूनच आवाज दिला, "तात्या, हितं हरळी निघालीया! काढू का?"

बाकीच्या बायाही उठून उभ्या राहिल्या. 'काढ' म्हणावं, तर लगेच सगळ्यांच्या माना भिंतीपलीकडे वळणार, आणि सर्जेरावांनी टेम्पो लावून दारात काय आणलं ते सांजेपर्यंत शेजारच्या अंथुर्ण्यात पोचणार. 

"हरळी न्हाय ती," तात्या बांधावरून म्हणाले. "बर्म्युडा हाय. ऱ्हाऊ दे."

आज ती नवव्या सरीपर्यंत गेली आहे, आणि तात्या सकाळी त्या बाजूला जात नाहीत.

वाचकहो, आपण हसलात ते योग्यच आहे, कारण आपल्या दारात लॉन नाही. पण पाहुण्यांना दिसावी म्हणून आपणही एखादी गोष्ट घरात आणलेली असेल. बैठकीतला पांढरा सोफा, मुलाची ती शाळा, किंवा एखादा जावई. आणली त्याच दिवशी आपण ती ओळखली होती, आणि चारचौघांत तिला दुसरंच नाव सांगितलं होतं. तिचं खरं नाव घरात सगळ्यांना ठाऊक आहे, आपल्यासमोर कुणी काढत नाही, इतकंच. आज जेवताना विचारून पाहा. (विचारणार नाही, याची आम्हाला खात्री आहे.)