हंस ओव्हनमध्ये आणि टाळ्या थांबेनात

ओव्हनच्या घड्याळावर देझोनं साडेपाचची वेळ लावली, हात झटकले आणि "झालं!" म्हणाला. आपण आज संसारात पास झालो, असं त्याला मनापासून वाटलं. (देझो बाराबाशच्या सगळ्या फजित्यांची पहिली पायरी ही अशीच असते. एकोणतीस वर्षांच्या संसारात हे त्याला कुणी सांगितलं नाही असं नाही. त्यानं ऐकलं नाही.)

तो रविवार होता मार्टिनच्या सणाचा. मार्टिनच्या दिवशी ज्याच्या ताटात हंस नाही तो वर्षभर उपाशी, हे आमच्या तिसा नदीकाठच्या गावात शेंबडं पोरही सांगेल. त्यामुळे ओव्हनमध्ये साडेचार किलोचा हंस होता. पण यंदा प्रश्न नुसता हंसाचा नव्हता. संध्याकाळी हायनाल्काबाई येणार होत्या. देझोच्या लेकीचं, बोग्लार्काचं, आंब्रुश नावाच्या पोरावर मन जडलं होतं आणि हायनाल्काबाई त्या आंब्रुशची आई. शेजारच्या गावातल्या शाळेच्या खानावळीत मुख्य स्वयंपाकीण. रोज चारशे पोरांना जेवू घालणारी बाई. आंब्रुशची आधीची एक सोयरीक त्यांनी मुलीकडचं सूप गढूळ होतं एवढ्याच कारणावरून मोडली, अशी वदंता होती. बोग्लार्कानं आठवडाभर धड झोप घेतली नव्हती. "बाबा, माझ्यासाठी एवढं करा," ती म्हणाली होती, "सगळं नीट होऊ द्या." म्हणजे पोरीचं लग्न त्या हंसावर अडलेलं होतं म्हणा ना.

मग अशा दिवशी माणसं नाटकाला जातात का? जातात. कारण एमोकेचं, म्हणजे देझोच्या बायकोचं, वर्गणीचं तिकीट. रविवार दुपारचा खेळ, तिसरी रांग, सात आणि आठ नंबर. बावीस वर्षं एमोके आणि तिची मैत्रीण गिझी त्या दोन खुर्च्यांवर बसत आल्या होत्या. त्या रविवारांना कुणी बारसं ठेवत नसे, आणि मरणारेही जरा दमानं घेत. पण गिझीचा पाय मुरगळला.

"आठ नंबर रिकामा ठेवायचा?" एमोके कपाळाला हात लावून म्हणाली. "लोकांना वाटेल गिझी मेली!"

"मी येतो," देझो म्हणाला.

बायको त्याच्याकडे बघतच राहिली. देझो पाणीपुरवठा खात्यात कारकून. संगीत नाटक त्यानं जन्मात पाहिलं नव्हतं. त्याचा त्यावर राग नव्हता, एक शंका होती: धडधाकट माणूस बोलता बोलता एकदम गायला का लागतो? त्यांच्या खात्यात दिवसाकाठी पन्नास माणसं भांडायला येत, त्यातलं एकही कधी गायलं नव्हतं. ही शंका तो एमोकेला बावीस वर्षं विचारत होता आणि ती "तुला नाही कळायचं" म्हणून बटाटे सोलायला लागायची. पण नाटकाहून परतताना तिच्या चेहऱ्यावर एक उजेड असायचा. तो उजेड घरातल्या कुठल्याच गोष्टीनं येत नसे, देझोनं तर नाहीच नाही. तिथे नेमकं काय मिळतं हे त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं, आणि खरं सांगायचं तर थोडा मत्सरही होता.

"हंस मंद आचेवर राहू दे," एमोके आरशासमोर एक कानातलं शोधत म्हणाली. "मी आल्यावर आच वाढवीन."

"कशाला? हे बघ, नाटकाच्या पत्रिकेत छापलंय, तीन ते साडेपाच. साडेपाचला ओव्हन आपोआप मोठ्या आचेवर जाईल. पावणेसहाला आपण घरी. सहाला हंस बाहेर. सोनेरी!"

"कधी कधी उशीर होतो रे."

"छापील वेळ ती छापील वेळ," असं म्हणून देझोनं पाहुण्यांना आणायला स्टेशनवर निघालेल्या लेकीलाही बजावलं, "माझ्या आधी आलात तरी ओव्हनला हात लावायचा नाही!"

पडदा उघडला तेव्हा रंगमंचावर एक लहानसं रेल्वे स्टेशन होतं. तरुण नायकाला तार आली की ज्या मुलीसाठी तो पाच वर्षं थांबला तिनं दुसऱ्याशी लग्न लावलं. नायकानं तार वाचली, घडी घालून खिशात ठेवली आणि गायला लागला.

"अगं, पण हा गातोय कशाला?" देझो कुजबुजला.

"गप्प बस."

"नाही, मला समजून घ्यायचंय. मला खात्याची नोटीस आली तर मी गाईन का?"

"तू गायलास तर दुसरी नोटीस येईल. गप्प बस!"

मागच्या रांगेतून तिघांनी "शूऽऽ" केलं. गाणं संपलं, आणि मग ते झालं ज्याचा हिशेब देझोच्या ओव्हनच्या घड्याळात नव्हता. आधी टाळ्या सरी कोसळाव्यात तशा पडल्या. मग कुणीतरी ठेका धरला. बघता बघता नऊशे हात एकाच ठेक्यात पडायला लागले. हा ठेका म्हणजे आमच्याकडचा वन्स मोअर. तोंडानं कुणी ओरडत नाही, पण तो पडला की गाणं पुन्हा म्हणावंच लागतं, मग गाणाऱ्याचा घसा बसो की वाद्यवाल्यांची गाडी चुको. नायकानं ती तार पुन्हा खिशातून काढली, पुन्हा वाचली आणि पुन्हा तितकाच दुःखी झाला.

"हे तर आत्ताच झालं!" देझो घड्याळ बघत म्हणाला. नमनालाच घडाभर तेल चाललं होतं. पहिल्या अंकात चार गाणी दोनदा झाली आणि एक तीनदा.

मध्यंतरात त्यानं कोट सांभाळणाऱ्या इर्मा मावशींना गाठलं. "मावशी, खेळ साधारण किती लांबतो हो?"

"ते काय नाटकवाल्यांच्या हातात आहे?" मावशी स्वेटर विणत म्हणाल्या. "पब्लिक ठरवतं. मागच्या रविवारी सव्वासहा झाले."

देझोला दरदरून घाम फुटला. त्यानं मावशींना हंसाची, ओव्हनची आणि होणाऱ्या विहीणबाईंची कथा ऐकवली. मग सँडविच खाणाऱ्या एकेकाला गाठून विनवायला सुरुवात केली, "जरा टाळ्या कमी वाजवाल का? पोरीच्या लग्नाचा प्रश्न आहे." लोकांनी आपुलकीनं चौकशी केली, हंस किती किलोचा, पोटात सफरचंद भरलंय की चेस्टनट, आणि दुसऱ्या अंकात पहिल्यापेक्षा जोरात टाळ्या वाजवल्या. देझो स्वतः दोन्ही हात मांडीखाली घालून बसला होता.

दुसऱ्या अंकानंतर त्यानं ठरवलं, बस्स, आता घरी. कोटाची एक बाही हातात चढवलीसुद्धा.

"जा तू," एमोके समजूतदारपणे म्हणाली. "मी येते मागून."

देझो निघाला. दोन पावलं गेला आणि परत आला. "ती उपाहारगृहाची मालकीण... तिनं स्टेशनमास्तरची चिठ्ठी वाचली का गं?"

उतारवयातला स्टेशनमास्तर आणि ती विधवा मालकीण दोन अंकभर चहाच्या पातळपणावरून भांडत होती, आणि दुसऱ्या अंकाच्या शेवटी त्यानं तिच्या बशीखाली एक चिठ्ठी सरकवली होती.

"तिसऱ्या अंकात कळतं."

"मग सांग ना पटकन. मी जाता जाता ऐकतो."

"ते सांगून कळत नाही, देझो."

घंटा झाली. देझोनं बाही उतरवली आणि कोट मावशींना परत दिला. इथेच घोड्यानं पेंड खाल्ली. पण बावीस वर्षांची शंका आणि एक हंस तराजूत घातले, तर कुतूहलाचं पारडं खाली जाणारच.

तिसऱ्या अंकात एक विनोदी पात्र येतं. हे ठरलेलंच असतं. कथेत त्याचं काहीएक काम नसतं, त्यानं फक्त गावच्या खबरांवरून लोकांना हसवायचं. आजचा होता झिंगलेला सिग्नलवाला. (इर्मा मावशी हातानं विणत होत्या, तोंड मोकळंच होतं.) तो कंदील हलवत पुढे आला आणि म्हणाला, "गाडीला उशीर आहे मंडळी. पण तिसऱ्या रांगेतल्या साहेबांचा हंस मात्र वेळेवर निघालाय!"

नाट्यगृह कोसळलं. एमोकेनं पत्रिका तोंडावर धरली.

"साहेब, किती वाजले?"

सरकारी नोकर खोटं कसं बोलणार? देझो उभा राहून म्हणाला, "पाच वाजून छत्तीस मिनिटं."

"म्हणजे कातडी तांबूस व्हायला लागली! काय मंडळी, उरलेली गाणी उरकून टाकायची का?"

"नाहीऽऽ!" साडेचारशे माणसं ओरडली. लोकांची पोटं भरलेली असली की दुसऱ्याच्या हंसाचं कुणाला काय?

आणि मग तो प्रसंग आला. फलाटावर फक्त स्टेशनमास्तर आणि ती मालकीण. तिनं चिठ्ठी वाचली होती. तो काहीतरी बोलायला गेला, "मी... म्हणजे चहा..." आणि अडखळला. तिला शब्द सुचेनात. तेवढ्यात वाद्यं हलकेच सुरू झाली आणि तो गायला लागला, "गाडी गेली तर जाऊ दे, तू आहेस ना फलाटावर." ती उत्तरली, आणि दोघं सावकाश, गुडघे सांभाळत नाचायला लागली.

देझोनं शेजारी पाहिलं. एमोकेचे ओठ प्रत्येक शब्दाबरोबर हलत होते आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं. गेल्या कित्येक वर्षांत आपण हिच्याशी काय बोललो? पाव संपलाय. नळ गळतोय. खिडकी लाव. वाईट काहीच नव्हतं त्यात, पण जे सांगायचं होतं ते त्यात कुठे बसतच नव्हतं. बोलून बोलून जिथे माणसाचे शब्द थकतात, तिथे हे लोक गायला लागतात. एवढंच तर होतं! बावीस वर्षं ती हे ऐकायला एकटी येत होती, याचं त्याला फार वाईट वाटलं.

गाणं संपलं. टाळ्या पडल्या. त्या विरत चालल्या होत्या, घरी जायची घाई इतरांनाही होतीच, तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून एक खणखणीत ठेका सुरू झाला. लोकांनी वळून पाहिलं. आठ नंबरचा माणूस उभा राहून, कोपरं पसरून, एकटाच ठेका धरत होता.

"देझो! हंस!" एमोके त्याची बाही ओढत म्हणाली.

"राहू दे हंस!" देझो ओरडला.

मग काय, पब्लिकला तेवढंच हवं होतं. गाणं चार वेळा झालं. चौथ्या वेळी स्टेशनमास्तरचे गुडघे खरोखरच बोलायला लागले, आणि नाट्यगृहाच्या दारातून बाहेर पडताना घड्याळात सहा वाजून बारा मिनिटं झाली होती.

घराच्या जिन्यातच धूर भेटला. वरच्या मजल्यावरचा शेजारी सगळ्या खिडक्या उघडत होता. दारात बोग्लार्का उभी, डोळे लाल. (ते धुरानं, अशी देझोनं स्वतःची समजूत घातली.) आंब्रुश खोकत होता. आणि गाडी लवकर पोचल्यामुळे वेळेआधीच आलेल्या हायनाल्काबाई पर्स छातीशी धरून, परीक्षेच्या पर्यवेक्षकासारख्या उभ्या होत्या.

"बाबा, तुम्ही म्हणालात हात लावू नका, म्हणून आम्ही हात लावला नाही," बोग्लार्का डोळे पुसत म्हणाली. "कुठे होतात तुम्ही? काय झालं?"

काय झालं ते देझोला सांगायचं होतं. आपल्या पोरीला, विहीणबाईंना, आणि सगळ्यात जास्त मागे धापा टाकत जिना चढणाऱ्या बायकोला. त्यानं तोंड उघडलं. "म्हणजे त्याचं असं आहे की... झालेल्या विलंबाबद्दल खातं..." पाणीपुरवठ्याची भाषा दोन वाक्यांत आटली. देझो अडखळला. पुढचे शब्द येईनात. आणि मग त्याच्याकडून ते झालं. तो वळला, एमोकेचा हात धरला, आणि भर जिन्यात गायला लागला:

"गाडी गेली तर जाऊ दे, तू आहेस ना फलाटावर..."

जिन्यात आवाज घुमत असल्यामुळे त्याला स्वतःचा गळा भलताच गोड वाटला. खालच्या मजल्यावरचा कुत्रा रडायला लागला. पण एमोके त्याच्याकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर तोच उजेड होता. या खेपेला तो देझोनं आणला होता. तो इतका हरखला की कुणी ठेका धरलेला नसताना त्यानं ते कडवं पुन्हा म्हटलं.

कडवं संपलं. हायनाल्काबाई पर्स काखेत मारून सरळ स्वयंपाकघरात गेल्या. सगळे मागोमाग. बाईंनी सुरी घेतली, कोळसा झालेल्या हंसाच्या पाठीवर टकटक केलं, कवच फोडलं, आतलं थोडं मांस तोंडात टाकलं. बोग्लार्कानं डोळे मिटून घेतले.

"मांड्या वाचल्यात," हायनाल्काबाई म्हणाल्या. "वरचं काढून टाका. चारशे पोरांचं रोज करते मी, जळकं मला नवीन नाही. सूप कुठंय?"

एमोकेनं पातेल्याचं झाकण काढून वाटीत सूप वाढलं. बाईंनी वाटीत डोकावून पाहिलं. सूप इतकं नितळ होतं की वाटीचा तळ दिसत होता.

"मुलगी मला पसंत आहे," बाई म्हणाल्या. बोग्लार्का आंब्रुशच्या गळ्यातच पडली. देझोच्या जिवात जीव आला, आणि आपल्या गाण्यानंच हे जमवलं, असंही त्याला क्षणभर वाटून गेलं.

"फक्त माझी एक अट आहे," हायनाल्काबाई त्याच्याकडे न बघता म्हणाल्या. "लग्नात हे गाणार नाहीत."

देझोनं उत्तर द्यायला तोंड उघडलं. त्याच्या आधीच एमोके म्हणाली, "कबूल!" बोग्लार्का म्हणाली, "कबूल!" आणि खिडक्या उघडून परत निघालेल्या वरच्या शेजाऱ्यानंही, कुणी विचारलं नसताना, जिन्यातूनच "कबूल!" म्हणून आपलं दार लावून घेतलं.