कॉफी सोडलेल्यांची पहिली सभा

मुतसिमचा बेत अगदी पक्का होता. सल्त गावातल्या आपल्या घरी आत्मसुधार मंडळाची पहिली सभा दणक्यात भरवायची, वडिलांना, म्हणजे हाज अवादना, खूश करायचं आणि मग दर गुरुवारसाठी दिवाणखाना मागून घ्यायचा. तोवर घरात एवढंच सांगायचं, की पाहुणे येणार आहेत.

मंडळाचा पहिला नियम म्हणजे चाळीस दिवस एक वाईट सवय सोडायची. सिगारेट सोडायची कुणाची छाती झाली नाही, म्हणून मुतसिमसकट सगळ्यांनी कॉफी सोडली. चार रुबाबदार सभासद कोट घालून आले. आजचा विषय होता, तोंडावर 'नाही' म्हणायला शिकणे.

विषय निघणार तोच हाज अवाद स्वतः कॉफी घेऊन आले. दंतवैद्य गालेबने पेला घेतला आणि न पिता खाली ठेवला. बाकी तिघांनीही ठेवला. म्हाताऱ्याचे डोळे चमकले. तिथली रीतच अशी, पाहुण्याने पेला खाली ठेवला म्हणजे त्याला काही मागायचंय, आणि यजमानाने 'दिलं' म्हटल्याशिवाय तो पिणार नाही! त्यात समोर चार कोट आणि घरात लग्नाची मुलगी, ताग्रीद.

"प्या बाळांनो. ताग्रीद तुमच्या घरची झाली."

गालेब मुतसिमकडे बघायला लागला. मुतसिमने त्याला कोपराने ढोसलं. "नाही म्हणून सांग ना."

"तू सांग. वडील तुझे आहेत."

"लोकांचे दात उपटताना बरी जीभ चालते तुझी!"

पेले जागचे हलले नाहीत.

"बरं, नवऱ्या मुलाने द्यायच्या सोन्याचाही आग्रह नाही," हाज अवाद म्हणाले.

"बाबा, मला विचारलंत का?" आतून ताग्रीद ओरडली. पाठोपाठ परात आपटल्याचा आवाज आला.

तरी कुणी पिईना. आता प्रश्न इभ्रतीचा झाला. घरी आलेला पाहुणा कॉफी न पिता गेला, तर गावात तोंड कसं दाखवायचं? हाज अवाद म्हणाले, "ऑलिव्हची बागही घ्या."

बाग! ती तर मुतसिमला मिळायची होती. त्याने पुढे होऊन चारही पेले एकामागून एक घशात ओतले. जीभ पोळली, नियम मोडला, पण बाग वाचली.

हाज अवादनी रिकामे पेले पाहिले, मग मुलाकडे पाहिलं. "म्हणजे मागणं तुझं होतं होय? मग बोल की. काय हवंय?"

"दिवाणखाना," मुतसिम चाचरत म्हणाला. "दर गुरुवारी."

"नाही."

"असं म्हणायचं असतं होय," गालेब पुटपुटला आणि त्याने वही उघडली.